मांडव्याने घातलेली मर्यादा

दंडावाचून राज्य चालत नाही, असे आपले शास्त्रकार एकमुखाने सांगत आले आहेत. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही मत्स्यन्यायाची उपमा सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. परंतु ज्या कौटिल्याने इतर सर्व विद्यांचा योगक्षेम दंडावर अवलंबून असल्याचे म्हटले, त्यानेच असेही बजावले आहे की, दंड तीक्ष्ण असला तर प्रजा उद्विग्न होते, फार मृदू असला तर राजाचा उपमर्द होतो, आणि यथायोग्य दंड करणाराच पूज्य ठरतो. तेव्हा दंड असावा की नसावा, हा वाद येथे नाही. तो कोणावर उगारावयाचा, किती उगारावयाचा आणि कोठे आवरावयाचा, हा खरा प्रश्न आहे. दंडासमोर उभी असलेली व्यक्ती मूल असते तेव्हा ह्या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी लागते. ते मूल गरीब, बेघर किंवा पोरके असेल तर ती अधिकच कठीण होते. कारण त्याच्या वतीने शासनाला हटकणारे दुसरे कोणी नसते.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी ऐकलेली असेल. पण ती एका पोलिस तपासाची कथा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मांडव्य मौनव्रत घेऊन आश्रमाच्या दारी तप करीत होते. राजाचे रक्षक ज्यांच्या पाठीवर होते असे काही चोर त्या आश्रमात शिरले आणि मालासह लपून बसले. मागून आलेल्या रक्षकांनी ऋषींना विचारले, चोर कोणत्या वाटेने गेले? ऋषींचे मौन होते. ते बोलले नाहीत. झडती झाली, माल सापडला, आणि ज्याअर्थी हा बोलत नाही त्याअर्थी हा चोरांना सामील, असा सरळ निष्कर्ष काढून रक्षकांनी त्यांनाही राजापुढे उभे केले. राजाने सुळाची आज्ञा दिली. पुढे चूक उमगली, राजाने क्षमा मागितली. परंतु सूळ काही केल्या निघेना. शेवटी तो कापावा लागला, आणि त्याचे टोक ऋषींच्या देहात कायमचे राहिले.

कथा येथे संपती, तर ती पोलिसी अन्यायाची एक कहाणी झाली असती. परंतु मांडव्य थेट धर्मराजाकडे, म्हणजे प्रत्यक्ष न्यायाच्या देवतेकडे गेले आणि त्यांनी जाब विचारला, हे मला कशाचे फळ? धर्माने हिशेबाची वही उघडल्यासारखे उत्तर दिले: लहानपणी तू किड्यांना काडीने टोचलेस, त्याचे हे फळ. ह्यावर मांडव्यांनी जे केले ते आपल्या वाङ्मयात अपूर्व आहे. त्यांनी न्यायाच्या देवतेलाच दोषी ठरविले. अल्प अपराधाला एवढा मोठा दंड केल्याबद्दल त्यांनी धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, आणि त्याच वेळी मर्यादा घातली की, यापुढे चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पातक म्हणून गणले जाणार नाही.

आम्हांला ह्या मर्यादेत दोन विचार दिसतात. पहिला असा की, मुलाचे कृत्य आणि प्रौढाचे कृत्य बाहेरून सारखे दिसले तरी आतून ते सारखे नसते. म्हणून मुलाला न्याय देणाऱ्याने वेगळा तराजू हाती घेतला पाहिजे. दुसरा विचार अधिक अवघड आहे. दंडात चूक झाली तर शिपाई चुकला, चौकीदार चुकला असे म्हणून वरच्यांना सुटका नाही. ज्याच्या नावाने दंड चालतो त्या धर्मालाही उत्तर द्यावे लागते. पहिला विचार आजच्या कायद्याने स्वीकारला आहे. दुसरा मात्र आपल्या कचेऱ्यांतून अद्याप पुरतेपणी रुजलेला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. त्याच्यावर अपराधाचा आळ आला तर त्याला विशेष बाल पोलिस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावयाचे, आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावयाचे. पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात त्याला कोणत्याही परिस्थितीत ठेवावयाचे नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याला बेड्या घालता येत नाहीत, त्याच्यावर बळाचा वापर करता येत नाही, आणि मुलांशी बोलणाऱ्या पोलिसाने शक्यतो गणवेष न घालता साधे कपडे घालावेत, असेही सांगितले आहे. प्रत्येक ठाण्यात असा एक तरी अधिकारी असावा, तो साहाय्यक फौजदाराच्या दर्जाहून खालचा नसावा, इतक्या बारकाईने हे लिहून ठेवलेले आहे. कागदावर मांडव्यांचे समाधान होईल अशीच ही व्यवस्था आहे.

आता ह्याच राज्यातील, आणि मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या सीमाभागातील एक घटना घेऊ. बीदर येथील शाहीन शाळेत जानेवारी २०२० मध्ये मुलांनी एक नाटुकले केले. विषय नागरिकत्वाच्या कायद्याचा होता. त्यातील एका वाक्यावरून तक्रार झाली आणि राजद्रोहाच्या कलमाखाली गुन्हा नोंदविला गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई ह्यांना अटक झाली. दोन आठवड्यांहून अधिक काळ त्या तुरुंगात राहिल्या. पोलिसांनी एकापेक्षा अधिक दिवस शाळेत जाऊन प्राथमिक वर्गांतील मुलांना प्रश्न विचारले. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती अभय ओक ह्यांच्या खंडपीठाने छायाचित्रे पाहून नमूद केले की, गणवेषातील पोलिस मुलांसमोर बसलेले आहेत आणि त्यांतील काहींजवळ शस्त्रे आहेत. हा प्रथमदर्शनी मुलांच्या हक्कांचा आणि नियमांचा गंभीर भंग आहे. मुंबई उच्च न्यायालयातून येथे आलेल्या न्यायमूर्तींच्या हातून हे व्हावे, ह्याचे परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला समाधान वाटल्यावाचून राहात नाही. पुढे जून २०२३ मध्ये कलबुर्गी पीठाने मूळ राजद्रोहाचा खटलाच रद्द केला.

नाटकातील मताशी येथे आम्हांला कर्तव्य नाही. वाचकांत दोन्ही बाजूंची माणसे असतील. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या शाळेत बळाचा वापर झाला की नाही? न्यायालयाने जे नोंदविले त्यात मारहाणीचा उल्लेख नाही. तपासी अधिकाऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, आम्ही केवळ विचारपूस केली. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर कमरेला पिस्तूल लावलेला माणूस खुर्ची ओढून बसतो, आणि तुला हे वाक्य कोणी शिकविले, असे विचारतो, तेव्हा त्या मुलाच्या दृष्टीने दंड उगारला गेलेलाच असतो. प्रौढाच्या बाबतीत बळ हात उचलल्यावर सुरू होते. मुलाच्या बाबतीत ते दारात पाऊल पडताच सुरू होते. त्याच्या उत्तराने आई किंवा बाई तुरुंगात जाऊ शकते, हे त्याला कळो वा न कळो, पुढे आयुष्यभर कळत राहणार असते. सूळ काढला तरी टोक आत राहते, म्हणतात ते असे. मग अंगाला हात लावला नाही एवढ्यावर निर्दोषपणा सिद्ध होत नाही, असे म्हणणे भाग पडते.

येथे कोणी म्हणेल, हा दोष पोलिसांचा. आम्ही महसुलात, लेखापरीक्षेत, टपालात किंवा शिक्षण खात्यात आहोत, आमचा काय संबंध? ह्या आक्षेपाला आम्ही फार महत्त्व देतो, कारण शासनातील बहुतेक अन्याय ह्याच वाक्याच्या आश्रयाने राहतात. बालकल्याणाच्या कायद्यात शासनाने स्वतःला पालक म्हणवून घेतले आहे. ज्याला आईबाप नाहीत, असून नसल्यासारखे आहेत, किंवा ज्याने अपराध केला आहे, त्याचा पालक मी, अशी ही प्रतिज्ञा आहे. आता पालकपणाला खाती नसतात. स्वयंपाक माझ्याकडे, पण मूल उपाशी राहिले तर ती बाब आजारपणाच्या शाखेची, असे कोणतीही आई म्हणत नाही. एकदा पालक म्हणवून घेतले की, मारल्याचा दोष जसा लागतो तसाच न जेवू घातल्याचाही लागतो. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, मुलाच्या बाबतीत शासनाचा दंड आणि शासनाची उपेक्षा ह्या दोन गोष्टी नाहीत. पोषण करणारा हात जेथे मागे राहतो तेथे मुलाला तोही लागतोच.

हे केवळ शब्दांचे चातुर्य नव्हे, हे आपल्याच राज्यातील उदाहरणांवरून दिसते. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से ह्यांनी देशातील तुरुंगांत अडकलेल्या सोळा वर्षांखालील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये. निरीक्षणगृहात जागा नसेल तर त्या कारणासाठी मुलाला तुरुंगात न धाडता जामिनावर सोडावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. न्यायालयाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले: राज्याराज्यांतून मुलांसाठी कायदे झाले होते, पण काही ठिकाणी ते अमलातच आणलेले नव्हते. ही मुले कोणा क्रूर माणसाच्या सुडामुळे तुरुंगात नव्हती. कोठे जागा नव्हती, कोठे अधिसूचना निघाली नव्हती, कोठे गृहाला मंजुरी मिळाली नव्हती, म्हणून ती प्रौढ कैद्यांमध्ये राहात होती. आणि चौतीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली की, मुलांना कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि बाल न्याय मंडळांनी मूक प्रेक्षक होऊन बसू नये.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथे मतिमंद मुलांचे एक गृह होते. तेथील मुले उपासमारीने दगावल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि अशा गृहांच्या पाहणीसाठी समिती नेमली. त्या पाहणीच्या ओघात २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील एका संस्थेतील मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह अनेकांना दोषी ठरविले. कवडासच्या मुलांवर कोणी लाठी चालविली नव्हती. पण भुकेने गेलेल्या मुलाला लाठीने गेलेल्या मुलापेक्षा कमी बळ सोसावे लागले, असे कोण म्हणेल? ह्या मुलांपैकी बहुतेकांना तक्रार करता येत नव्हती. मांडव्यांप्रमाणे तीही मौनात होती. त्यांचे मौन मात्र व्रताचे नव्हते.

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुले केवळ किड्यांना काडीने टोचतात असे नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भयंकर गुन्ह्यात एक आरोपी अठरा वर्षांना काही महिने कमी होता. त्या प्रक्षोभातून २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर अपराध केल्यास, प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट ठेवण्यात आली. रात्रपाळीच्या हवालदाराला चाकू घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलाशी गाठ पडते, तेव्हा जन्मतारीख पाहून त्याने हात बांधून बसावे, असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी लागेल तेवढे बळ वापरण्याचा त्याला हक्क आहे, आणि ते वापरताना त्याला क्षणभराचाच अवधी असतो. त्या क्षणाचा न्याय आम्ही आरामखुर्चीतून करू इच्छीत नाही. पण चाकू हातातून पडल्यानंतरची रात्र, कोठडीतील चौकशी, लिहून घेतलेला कबुलीजबाब, वाढवून लिहिलेले वय, ह्या सर्वांना भरपूर अवधी असतो. आणि मुलांवरचा पुष्कळसा अन्याय ह्या सवडीत होतो.

पुण्याचे १९ मे २०२४ चे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटी घालून त्याला जामीन दिला. लोक संतापले, ते स्वाभाविक होते. काही दिवसांतच मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठविले. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, जामीन दिलेल्या मुलाला असे अडकवून ठेवणे बेकायदेशीर आहे असे सांगून त्याची सुटका केली. मेलेल्यांच्या आईबापांचे दुःख पाहता हा निकाल अनेकांना बोचला. आम्हांला तो योग्य वाटतो. मुलाला जामीन मिळावा हा कायद्याचा सामान्य नियमच आहे. तो नाकारण्याची कारणे मोजकी आहेत, आणि लोकांचा संताप हे त्यांतील कारण नाही. त्या मुलाला मृदू कायदा लाभला ह्यात अन्याय नव्हता. अन्याय हा की, तोच कायदा मोबाईल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या झोपडीतल्या मुलापर्यंत क्वचितच तितक्या तत्परतेने पोहोचतो. श्रीमंताच्या मुलाला मिळाले ते काढून घेऊन ही विषमता दूर होणार नाही. गरिबाच्या मुलाला तेच दिल्याने होईल.

कल्याणाच्या हेतूनेही बळ येऊ शकते, ह्याची साक्ष आम्ही राहतो ती मल्लेश्वरमची वस्तीच देते. ह्या गावठाणाशी मराठ्यांचा संबंध जुना आहे. काडुमल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख येथे आहे. पण आजचे मल्लेश्वरम वसले ते १८९८ मधील प्लेगच्या साथीनंतर, दाट पेठेतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच रोगाच्या निवारणासाठी पुण्यात रँडसाहेबांचे गोरे सोजीर घराघरांत शिरले होते, आणि त्याचा शेवट काय झाला हे मराठी वाचकास सांगावयास नको. रोग एक, हेतू दोन्हीकडे लोककल्याणाचा; एका ठिकाणी रुंद रस्ते झाले, दुसऱ्या ठिकाणी देवघरापर्यंत बूट गेले. बालकांच्या कल्याणाचेही असेच आहे. मुलाला रस्त्यावरून उचलून गृहात घालणे ही मुक्तता आहे की धरपकड, हे हेतूवरून ठरत नाही. त्याला कसे नेले, त्याचे म्हणणे कोणी ऐकले का, आणि नेले तेथे त्याचे काय झाले, ह्यावरून ते ठरते.

ऐकण्याचा मुद्दा आम्हां परस्थ लोकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. आमच्या शेजारच्या यशवंतपूर स्थानकावर दूरदूरच्या प्रांतांतून गाड्या येतात. मोठ्या शहरांच्या स्थानकांवर घर सोडून आलेली मुले उतरतात, तशी ती येथेही उतरतात. त्यांतील कित्येकांना कन्नड येत नाही. फलाटावर हटकले की ती गप्प राहतात. भीतीने, भुकेने, किंवा प्रश्नच न कळल्याने. गप्प राहिलेला मुलगा लबाड, पळपुटा किंवा टोळीतला असावा, हा निष्कर्ष आजही मांडव्यांच्या काळाइतकाच सुलभ आहे. ज्याने नव्या गावी बदलीवर आल्यावर पहिले काही महिने दुकानात, रुग्णालयात, मुलांच्या शाळेत अर्धवट समजून मान डोलाविली आहे, त्याला ह्या मौनाचा अर्थ इतरांपेक्षा लवकर कळावयास हवा. आपल्यापाशी अधिकारपद होते, ओळखपत्र होते; त्या मुलापाशी काहीच नसते. अशा वेळी आपल्या भाषेत बोललेले एक वाक्य पंचनाम्याच्या चार पानांहून अधिक सत्य बाहेर काढू शकते. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून जी १०९८ ही दूरध्वनी सेवा निघाली आणि पुढे देशभर गेली, तिच्या मुळाशी हीच साधी कल्पना होती की, मुलाने हाक मारावी आणि कोणीतरी ती ऐकावी.

मांडव्यांच्या शापाचे पुढे काय झाले? धर्म विदुर होऊन जन्माला आला. कालपर्यंत ज्याच्या हाती सर्वांचा निवाडा होता, त्याला हस्तिनापुरात सल्ला देण्याचा अधिकार मिळाला, निर्णयाचा नव्हे. द्यूतसभेत तो बोलला, कोणी ऐकले नाही. तरी तो बोलला. शासनातील बहुसंख्य माणसांची स्थिती विदुराचीच असते. धोरण आपण ठरवीत नाही, बदली आपल्या हाती नसते, वरच्यांची मर्जी फिरली की टिपणाला शेरा मिळतो. पण टिपण लिहिणे आपल्या हाती असते. गृहाच्या तपासणीला गेल्यावर भांडार-नोंदवहीवर सही करण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावणे, मुलांशी अधीक्षकाच्या अनुपस्थितीत दोन शब्द बोलणे, ठाण्यातून आलेल्या कागदावरील वय शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहणे, रिकाम्या राहिलेल्या बालकल्याण समितीच्या जागेबद्दल तिसरे स्मरणपत्र धाडणे, ह्यासाठी शौर्य लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

एवढ्याने सर्व मुले वाचतील, असे आम्ही म्हणत नाही. विदुराच्या बोलण्याने द्यूत थांबले नव्हते. परंतु ज्या दिवशी त्या सभेचा हिशेब झाला, त्या दिवशी कोण गप्प बसला होता हेही विचारले गेले, आणि भीष्मद्रोणांसारख्यांनाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. सहीपुरता का होईना, आपणही पालक म्हणवून घेतलेल्या शासनाचा एक हात आहोत. कोणत्या मुलापर्यंत तो पोहोचला आणि कोणत्या मुलापर्यंत पोहोचता पोहोचता थांबला, हे आपल्या वरिष्ठांना कळण्याचे कारण नाही. पण आपल्याला ते ठाऊक असते, आणि त्या मुलालाही.